पावसाळ्यात सादळलेले सत्तर सिगार : साठवण बिघडली की निखारा तिरका का जातो

पार्श्वभूमी

प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं आहे. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, घर सातव्या मजल्यावर, मालक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून याहून जास्त तपशील दिलेले नाहीत.

त्यांच्याकडे ७० सिगार होते : २५ क्यूबन रोबुस्टो (आखूड, जाडसर आकाराचे), २५ डॉमिनिकन आणि २० निकाराग्वाचे. डॉमिनिकन सिगारांवर फिकट, पातळ कनेटिकट पानाचं वेष्टन होतं. निकाराग्वाच्या सिगारांवर काळपट, जाड, तेलकट मदुरो पान होतं. २०१६च्या बॅगेज नियमांत परदेशातून येताना फक्त २५ सिगारांपर्यंत शुल्क माफ होतं. त्यामुळे हा साठा फेरीफेरीनं, चार-पाच वर्षांत जमलेला. सगळे एकाच लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे आर्द्रता राखून सिगार साठवायच्या पेटीत होते. पेटीची क्षमता ७५ सिगारांची, आतून स्पॅनिश सीडर या लाकडाचं अस्तर, झाकणाच्या आतल्या बाजूला काटा असलेला गोल आर्द्रतामापक आणि त्याच्या शेजारी पाणी धरणाऱ्या स्पंजची डबी.

पेटी बेडरूममध्ये उंच कपाटावर ठेवलेली. खोलीतला एसी रात्री दहा ते सकाळी सहा २४ अंशांवर चाले, आणि त्याचा झोत थेट झाकणावर येई. दिवसा खिडक्या उघड्या. म्हणजे पेटीभोवतालची हवा रोज रात्री ५५ टक्के आर्द्रतेवर उतरायची आणि दुपारी ८५-९० टक्क्यांवर चढायची.

मालकाची पद्धत पेटीसोबत आलेल्या माहितीपत्रकातली : काटा ७०च्या खाली गेला की स्पंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ही सूचना चुकीची नाही, पण ती लिहिली गेली ती थंड देशांसाठी. तिथं हिवाळ्यात घर तापवलेलं असतं आणि आतली हवा २५-३० टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी पडते. तिथल्या पेटीचं काम ओल पुरवण्याचं. जून ते सप्टेंबरच्या मुंबईत त्याच पेटीचं काम ओल बाहेर ठेवण्याचं, आणि त्यासाठी ती बनवलेलीच नसते.

तक्रार

ऑगस्टअखेर तीन गोष्टी एकदम जाणवायला लागल्या. कनेटिकट पानाचे सिगार एका बाजूनं भराभर जळत आणि दुसरी बाजू मागं राहून टोकाला होडीसारखा आकार येई. मदुरो सिगार आतून पोखरल्यासारखे जळत : मधला निखारा पुढं, बाहेरचं पान तसंच, मध्ये बोगदा. शिवाय ते दर पाच-सात मिनिटांनी विझत. क्यूबन रोबुस्टो ओढायला इतके जड झाले होते की झुरका घेताना गाल आत जात.

मालकाचा समज असा, की माल जुना होऊन कोरडा पडला असावा. म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी स्पंजला दोनदा जास्तीचं पाणी पाजलं होतं. हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण, आणि तो उलट्या दिशेनं गेला.

सादळलेला सिगार तिरका का जळतो, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. सिगारचे तीन थर असतात : आतली भरण म्हणजे फिलर, तिला धरून ठेवणारं बाइंडरचं पान आणि बाहेरचं रॅपर. तिघांची जाडी वेगळी, तेलाचं प्रमाण वेगळं, पाणी धरण्याची आणि सोडण्याची गती वेगळी. ओल जास्त असली की निखाऱ्याची बरीच उष्णता पुढचं पाणी उडवण्यात खर्च होते. जिथं ओल थोडी कमी तिथं आग पुढं सरकते, हवा त्याच वाटेनं ओढली जाते आणि ती बाजू आणखी पुढं पळते. जाड मदुरो पान तर आधीच हळू जळणारं. ओलं असताना ते आगीला साथच देत नाही, म्हणून बोगदा. ओढ जड होते ती भरण फुगून हवेच्या वाटा दाबल्या गेल्यामुळं. पातळ रॅपर मात्र भरणीइतकं फुगत नाही, ताणलं जातं आणि पेटवल्यावर उष्णतेनं तडकतं.

तपासणी

तिरकं जळण्याचं कारण दर वेळी ओलच असतं असं नाही. भरणीतलं जाड लिगेरो पान मध्यभागी न बसता एका कडेला गेलं असेल, तर उत्तम साठवलेला सिगारही तिरका जातो. पेटवताना टोकाची एकच बाजू नीट पेटली तरी तेच. आणि आपल्याकडे एक खास कारण असतं : डोक्यावरचा पंखा. हे गृहस्थ गॅलरीत पंख्याखाली बसत. म्हणून आधी पंखा बंद करून, दोन्ही खिडक्या लावून, टोक २५-३० सेकंद फिरवत शेकून, मिनिटाला एक झुरका या बेतानं तीन प्रकारांतले प्रत्येकी दोन असे सहा सिगार ओढून पाहण्यात आले. प्रत्येक वेळी लायटरनं कड किती वेळा सरळ करावी लागली आणि सिगार किती वेळा विझला याची नोंद ठेवली. सहा सिगारांत मिळून कड १७ वेळा सरळ करावी लागली आणि ५ वेळा पुन्हा पेटवावं लागलं. पंखा दोषी असेल, पण एकटा नाही, एवढं त्यातून कळलं. उरले ६४.

मग मापकाची परीक्षा. बाटलीच्या झाकणात घरातलं साधं मीठ घेतलं, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं केलं. वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालून, पिशवीत हवा राहू देऊन, २४ तास एसी नसलेल्या खोलीत ठेवलं. संपृक्त मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. २० अंश असो की ३० अंश, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. काट्याचा मापक दाखवत होता ६६. म्हणजे तो ९ टक्के कमी दाखवत होता, आणि मालक ज्याला ७० समजत होते ते प्रत्यक्षात ७९ होतं. नवीन घेतलेला डिजिटल मापक त्याच पिशवीत ७७ दाखवत होता. तोही खोटाच, पण ठरावीक २ टक्क्यांनी. म्हणून त्याच्या पाठीवर ‘–२’ अशी चिठ्ठी चिकटवून तो वापरात घेतला.

खरं तर स्वयंपाकघरात हीच परीक्षा पूर्ण पावसाळाभर चालू होती. हवा ७५च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्याच्या खाली ओढत नाही. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय म्हणजे घरातली हवा बहुधा ७५ टक्क्यांच्या पुढं आहे, याला वेगळं यंत्र लागत नाही. त्या घरात जुलैपासून मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकलेले होते.

तिसरी गोष्ट वजन. मापक पेटीतल्या हवेबद्दल सांगतो, सिगारबद्दल नाही. एक ढोबळ हिशोब पाहा. या पेटीत रिकामी हवा साधारण १० लिटर. ३० अंशांना ६५ टक्के आर्द्रतेच्या तेवढ्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.२ ग्रॅम. सत्तर सिगारांचं वजन साधारण ८०० ग्रॅम आणि त्यात १२-१३ टक्के पाणी धरलं तर ते झालं १०० ग्रॅम. म्हणजे पेटीतलं पाणी हवेत नाहीच, ते तंबाखूत आणि लाकडात आहे. झाकण उघडलं की काटा झटकन हलतो ते त्या ०.२ ग्रॅममुळं, आणि लोक त्यालाच घाबरतात.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला डिजिटल काटा घेतला. वरच्या थरातला एक रोबुस्टो ११.४२ ग्रॅम भरला. पण हे जास्त की कमी हे कळायला तुलना हवी. म्हणून तिन्ही प्रकारांतला एक-एक सिगार वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ६५ टक्क्यांच्या दुतर्फी आर्द्रता-पाकिटासोबत ठेवला आणि रोज वजन केलं. (बाजारात ही पाकिटं बहुतेक बोव्हेडा या नावानं मिळतात; आत क्षारांचं दाटसर द्रावण, बाहेर फक्त वाफ जाऊ देणारं आवरण. हवा कोरडी असेल तर ओल सोडतात, दमट असेल तर ओढून घेतात.) बाराव्या दिवशी रोबुस्टोचं वजन १०.९५ ग्रॅमवर थांबलं. म्हणजे या एका सिगारमध्ये जवळपास अर्धा ग्रॅम पाणी जास्त होतं.

वरच्या आणि खालच्या थरातला फरकही काट्यावर दिसला. खालचे रोबुस्टो वरच्यांपेक्षा सरासरी ०.२ ग्रॅमनं हलके होते. स्पंज झाकणात, आणि एसीचा झोत झाकणावर. थंड झालेल्या पृष्ठभागाकडं ओल सरकते. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात तर राखाडी बुरशीचा ठिपका धरला होता, आणि त्याखालच्या दोन सिगारांच्या पेटवायच्या टोकावरही. पानावरची बुरशी पुसून सिगार वाचवता येतो, पण टोकावर दिसली की ती भरणीत शिरलेली असण्याची शक्यता असते. ते दोन टाकले. उरले ६२.

पर्याय

ओढण्याआधी दोन-तीन दिवस एसीच्या खोलीत साध्या लाकडी खोक्यात सिगार ठेवून वाळवायचे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. त्यानं आजचा सिगार सुधारतो, साठा मात्र तसाच सडत राहतो. तात्पुरता म्हणून ठीक.

साधं सिलिका जेल घालायचं का? कॅमेऱ्याच्या डब्यात ते चालतं, कारण लेन्स कितीही कोरडी असली तरी चालते. तंबाखूला खालची मर्यादा आहे. सिलिका जेलला थांबायचं कुठं हे कळत नाही. ते ४० टक्क्यांपर्यंतही खेचेल, आणि एकदा पानातली तेलं उडाली की पुन्हा ओल देऊन ती परत येत नाहीत.

खोलीसाठी डीह्युमिडिफायर घेण्याचा विचार लगेच मागं पडला. यंत्र खोली तापवतं, आवाज करतं, आणि साठसत्तर सिगारांसाठी दीडशे चौरस फूट हवा कोरडी करणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

वाइन कूलरचा पर्याय खरा मोहाचा होता, कारण आर्द्रतेइतकंच मुंबईचं तापमान ही अडचण आहे. १८ ते २१ अंशांची शिफारस असते. या घरात एसी नसताना ३० असायचे. पण कॉम्प्रेसरचा कूलर हवेतल्या ओलीचं पाणी करून ते खाली सोडतो, म्हणजे प्रत्येक फेरीत आतली हवा कोरडी पडून पुन्हा ओली होते. कॉम्प्रेसर नसलेला, थर्मोइलेक्ट्रिक प्रकार सौम्य असतो, पण तो बाहेरच्या तापमानाहून दहा-बारा अंशच खाली जातो आणि मे महिन्यात अखंड चालत राहतो. खर्च आणि जागा पाहून मालकानं तो पुढं ढकलला.

उरले दोन : आहे त्याच लाकडी पेटीत स्पंज काढून पाकिटं ठेवायची, किंवा सिलिकॉनची कड असलेल्या हवाबंद प्लास्टिक डब्यात सगळं हलवायचं.

आकडा कोणता, यावरही खल झाला. कुणीतरी मालकाला सांगितलं होतं की गरम हवेत मुळातच पाणी जास्त मावतं, म्हणून मुंबईत ५८-६० टक्केच ठेवावेत. हे तर्काला पटतं, पण तंबाखू किती पाणी धरतो हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, हवेतल्या एकूण वाफेवर नाही. उलट सारख्याच टक्क्यांना गरम तंबाखू थोडं कमीच पाणी धरतो. गरम जागी आकडा खाली ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे : बुरशीला ऊब मिळालेली असते, तेव्हा ७० ते ७५ मधली चूक तिथं महागात पडते. म्हणून सगळ्यांसाठी ६५ आणि मदुरोसाठी स्वतंत्र डब्यात ६२ असं ठरलं.

पहिला उपाय, जो फसला

सप्टेंबरच्या मध्यावर मालकानं लाकडी पेटीच निवडली. दिसायला देखणी, निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेली. स्पंज काढला, झाकण व्हिनेगर लावून पुसलं, दोन दिवस वाळवलं आणि ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची तीन पाकिटं ठेवली. २५ सिगारांना एक पाकीट हा ठोकताळा पाहता तीन पुरेशी होती.

पहिल्या आठवड्यात मापक, ‘–२’ची वजावट धरून, ६९ दाखवत होता. दुसऱ्या आठवड्यात ७१. तिसऱ्या आठवड्यात पाकिटं पाण्यानं भरलेल्या उशीसारखी फुगली आणि मापक ७३वर गेला.

पाकिटं सदोष नव्हती. दोन हिशोब चुकले होते. पहिला, आतल्या पाण्याचा : प्रत्येक सिगारमधून सरासरी ०.४ ग्रॅम पाणी बाहेर यायचं तर ६२ सिगारांचे २५ ग्रॅम झाले. त्यात वर्षानुवर्षं पाणी प्यालेलं सीडरचं अस्तर. हे सगळं पाकिटांनी गिळायचं, आणि पाकिटानं गिळलेलं पाणी कुठं जात नाही, द्रावण पातळ होत जातं आणि एका मर्यादेनंतर ते ६५ला धरून राहत नाही. दुसरा हिशोब गळतीचा. पेटीत मोबाइलचा टॉर्च लावून, झाकण बंद करून, खोलीत अंधार केला तेव्हा बिजागरीच्या बाजूनं प्रकाशाची सलग रेघ दिसली. त्या फटीतून पावसाळ्याची हवा रोज आत येत होती. तीन पाकिटं अख्ख्या अरबी समुद्राला पुरी पडणार नव्हती.

फटीला फोमची चिकटपट्टी लावायची सूचना आली होती. तिच्या गोंदाचा वास पेटीत बसला असता, म्हणून ती बाजूला ठेवली.

दुसरा उपाय

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १० लिटरचे दोन हवाबंद डबे आणि मदुरोसाठी ५ लिटरचा एक घेतला. नवीन प्लास्टिकला वास असतो, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, झाकणं उघडी टाकून चार दिवस ठेवले. आत सिगारांच्या जुन्या खोक्यांतल्या सीडरच्या पट्ट्या आणि ट्रे घातले; त्यामुळं सिगार प्लास्टिकला टेकत नाहीत आणि ओलीचे छोटे चढउतार लाकूड झेलतं. पट्ट्या आधी एसीच्या खोलीत वाळवून घेतल्या होत्या. डबे आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून दोन फुटांवर, एसीच्या झोतापासून लांब. त्या कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाकाव्या लागल्या. तंबाखू वास पटकन धरतो. देवघराशेजारचं कपाट जास्त गार होतं, तरी कापूर-उदबत्तीमुळं तेही नाकारलं.

आधी वाळवायचं, मग पाकिटं ठेवायची, हा क्रम या वेळी पाळला. घाई इथं नडते. ओला सिगार झपाट्यानं वाळवला तर रॅपर आधी आकसतं, आतली भरण फुगलेलीच असते, आणि पान उभं तडकतं. म्हणून रात्री एसी चालू असताना, ५५-५८ टक्क्यांच्या हवेत, सिगार सीडरच्या खोक्यांत झाकण बोटभर उघडं ठेवून ठेवायचे. सकाळी एसी बंद होण्याआधी हवाबंद डब्यात परत, म्हणजे दिवसभरात आतली ओल बाहेरच्या थराकडं सारखी पसरते. प्रत्येक प्रकारातल्या दोन खुणेच्या सिगारांचं रोज सकाळी वजन. रोज ०.०५ ते ०.०६ ग्रॅम उतरावं असा बेत होता. एका रात्री ०.०९ उतरले, तेव्हा पुढची रात्र सुट्टी दिली. एकूण आठ रात्रींत खुणेचा रोबुस्टो १०.९८ ग्रॅमवर आला. बरणीतल्या जोडीदाराचा आकडा १०.९५ होता. तेवढा फरक पाकिटांवर सोडला.

तिसऱ्या दिवशी डॉमिनिकन खोक्यात तीन सिगारांवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं आणि खाली तपकिरी भुकटी सापडली. हा तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस किडा. हळद, धने, मिरची यांत पडतो तोही हाच. त्याची अंडी तंबाखूच्या साठवणीतच पानावर आलेली असू शकतात आणि २४ अंशांच्या पुढं ती उबायला अडचण नसते. आर्द्रता सुधारून तो मरत नाही.

इथं खरी कोंडी झाली. किड्यावर घरगुती उपाय एकच, फ्रीझर. पण जास्तीची ओल असलेला सिगार गोठवला तर रॅपर फुटण्याचा धोका. आधी वाळवावं तर आठ दिवस किड्याला मोकळं रान. निर्णय असा झाला : छिद्रं पडलेले तीन टाकायचे, बाकीच्यांचं वाळवणं पूर्ण करायचं, रोज खोकी पांढऱ्या कागदावर आपटून भुकटी पाहायची, आणि मग सगळे ५९ एकदम गोठवायचे. ‘फक्त संशयित खोकं’ हा पर्याय नाकारला, कारण सगळे एकाच पेटीत नांदत होते.

गोठवताना सिगार दुहेरी झिप पिशव्यांत, हवा दाबून काढून, भरले. २४ तास फ्रीजमध्ये, मग फ्रीझर, मग पुन्हा २४ तास फ्रीजमध्ये, आणि शेवटी बंद पिशवीतच १२ तास खोलीत. पिशवी गार असताना उघडली तर दमट हवेचं पाणी थेट पानावर साचतं. तेवढी एक चूक आधीच्या आठ रात्री वाया घालवते. फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस पुरतात असं धरलं जातं, ते उणे १८ अंशांना. या घरच्या फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला तर उणे १४ निघाले. सेटिंग वाढवून, माशांची पाकिटं शेजारच्यांकडं ठेवून, सात दिवस राखले.

नंतर डब्यांत ६५ची पाकिटं, १० लिटरच्या डब्याला दोन. मदुरोला ६२चं एक. तीन आठवडे काहीही ओढायचं नाही. आठवड्यातून एकदा मिनिटभर झाकण उघडायचं, एवढंच.

परिणाम

५९ पैकी ५ सिगारांची रॅपरं तडकली, पाचही कनेटिकटची. चार गोठवण्याआधीच, पातळ पानावर आठवी रात्र भारी पडली तेव्हा. एक फ्रीझरमधून आल्यावर. भुकटी पुन्हा दिसली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर दोन्ही मोठ्या डब्यांत मापक ६५-६६ आणि छोट्यात ६२-६३ दाखवत होता, पाकिटं मऊ होती पण फुगलेली नव्हती.

मग पूर्वीच्याच पद्धतीनं सहा सिगारांची चाचणी : पंखा बंद, तेच लायटर, तीच गती. कड सरळ करावी लागली ४ वेळा, विझला एकच. त्या चारांपैकी तीन वेळा एकाच क्यूबन रोबुस्टोला करावं लागलं. तो उभा चिरून पाहिला तेव्हा भरणीतलं जाड पान सरळसरळ एका बाजूला सरकलेलं होतं. त्याला जगातला कुठलाच डबा सुधारू शकला नसता. रोबुस्टोची ओढ मोकळी झाली, पण त्यांतले दोन अजून जड आहेत. ते बहुधा दाबून वळलेलेच असावेत.

डिसेंबरात एक उलटी गंमत झाली. दुपारची हवा ४० टक्क्यांपर्यंत उतरली आणि मालकानं हौसेनं दहा सिगार लाकडी पेटीत, एका पाकिटासह परत ठेवले. या वेळी पेटी ओल गमावत होती, आणि पाकीट सहा आठवड्यांत कडक पापडासारखं झालं. पण सिगार ठीक राहिले, कारण पाकिटाचा कडकपणा बोटांना कळतो आणि वेळेत बदलता येतो. तेव्हा आता नोव्हेंबर ते मे देखणी पेटी, जून ते ऑक्टोबर प्लास्टिक, असं वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मिठाची परीक्षा पेटी घरी आली त्या दिवशी करायला हवी होती. खर्च चमचाभर मीठ आणि एक दिवस. ती जूनमध्ये झाली असती तर स्पंजला पाणी घातलंच गेलं नसतं.

पहिल्या उपायात गेलेले तीन आठवडे टाळता आले असते, कारण बरणीतल्या सिगारचं वजन तेव्हाच सांगत होतं की प्रत्येकातून किती पाणी काढायचं आहे. त्याला ६२नं गुणलं असतं तर पाकिटांच्या भरवशावर कुणी राहिलं नसतं. टॉर्चची परीक्षाही आधीच करता आली असती. ती शेवटी सुचली.

कनेटिकटचे सिगार वेगळे वाळवायला हवे होते. सगळ्या प्रकारांना एकच वेळापत्रक लावलं, आणि खुणेचा सिगार म्हणून डोळे राहिले ते रोबुस्टोवर. पातळ पानाला रोज ०.०३ ग्रॅमची गती आणि चौदा-पंधरा रात्री, हे जास्त सुरक्षित ठरलं असतं. मात्र तेवढे दिवस किड्यालाही मिळाले असते. यावर मधला मार्ग होता : किडलेल्या खोक्यातले उरलेले सिगार बंद पिशवीत घरच्या फ्रीजमध्ये ठेवून द्यायचे. चार-पाच अंशांना किडा मरेलच असं नाही, पण त्याची वाढ थांबते, आणि बाकीचे निवांत वाळवता येतात. तेव्हा हे लक्षात आलं नाही.

तापमानाचा प्रश्न मात्र तसाच आहे. मे महिन्यात कपाटातले डबे ३२ अंशांपर्यंत जातात. आर्द्रता ६५वर टिकते, गोठवणं झालेलं असल्यानं किड्याची भीती कमी आहे, पण त्या उबेत पानं लवकर पिकतात आणि कनेटिकटचा नाजूक वास आधी जातो. म्हणून उरलेले फिकट सिगार एप्रिलअखेर संपवायचे, मदुरो थांबू शकतात, आणि पुढच्या फेरीत येणाऱ्या नव्या मालाला डब्यात जागा देण्याआधी सात दिवस फ्रीझर, असं ठरलं आहे. वाइन कूलरचं माप घेऊन ठेवलंय. ज्या कोपऱ्यात तो बसेल तिथं सध्या शिवणयंत्र आहे.